रस्ता कधी बंद करायचा, हे कोरड्या दिवसांत ठरवा

रात्रीचे पावणेदोन वाजले होते. पुलावरच्या राखणदाराचा फोन आला, "मॅडम, पाणी पांढऱ्या पट्ट्याच्या वर आलंय. गाड्या सोडू का थांबवू?" मला नोकरीत लागून तिसरं वर्ष होतं. पांढरा पट्टा म्हणजे नेमकी कोणती पातळी, ती ओलांडली की काय करायचं आणि ते करायचा अधिकार कोणाला, यातलं काहीच कुठे लिहिलेलं नव्हतं. मी साहेबांना फोन केला, साहेबांनी त्यांच्या साहेबांना. चाळीस मिनिटं गेली. तोवर त्या माणसाने कोणाचीही वाट न पाहता रस्त्यात दोन रिकामी पिंपं आडवी घातली होती आणि हातात बॅटरी घेऊन तो मधोमध उभा राहिला होता. पहाटे चारच्या सुमारास पुलाला जोडणारा भराव अकरा मीटर लांबीत वाहून गेला. पूल जागेवर होता, पण पुलापर्यंत पोचणारा रस्ताच उरला नव्हता. त्या वेळी तिथे एकही गाडी नव्हती, कारण आडवी दोन पिंपं होती.

पुढची सव्वीस वर्षं माझी रस्ते, पूल आणि काही काळ रेल्वेमार्ग यांच्या देखभालीत गेली. त्या राखणदाराने जो निर्णय भिजत, एकट्याने घेतला, तो कोरड्या दिवसांत, दिवसाउजेडी, कागदावर आधीच घेऊन ठेवायला हवा होता. ज्यांच्या ताब्यात एखादा रस्ता, पूल, रुळांचा तुकडा किंवा धावपट्टी आहे, त्यांनी तो कसा घ्यावा आणि तो घेण्याची वेळ कमीत कमी यावी म्हणून आधी काय करून ठेवावं, ते इथे सांगते.

आधी पायी चाला

सुरुवात संगणकावरच्या नकाशाने करू नका. आपल्या ताब्यातला मार्ग दोनदा पायी चाला, एकदा कोरड्यात आणि एकदा भर पावसात. पावसातली फेरी टाळायचा मोह होतो. पण पाणी रस्त्यावर कुठून चढतं, कोणत्या मोरीच्या (रस्त्याखालून पाणी नेणाऱ्या नळाच्या) तोंडाशी तुंबतं, गटार सोडून साइडपट्टी कुठे कुरतडतं, हे फक्त पावसातच दिसतं. कोरड्यात चालताना झाडांना अडकलेला पालापाचोळा, भिंतींवरचे गाळाचे डाग, पुलाच्या खांबांवरच्या रेषा पाहा. त्या जुन्या पुरांच्या खुणा आहेत. जवळ राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, पाणी कुठवर आलं होतं. तारीख चुकेल त्यांची, पण पायरी चुकत नाही. प्रत्येक जागेचा फोटो, किलोमीटरचा आकडा आणि दोन ओळी, एवढी नोंद पुरते.

यादी झाली की प्रत्येक जागेपुढे दोन प्रश्न लिहा. ही जागा तुटली तर पलीकडची माणसं कोणत्या वाटेने येतील? आणि दुरुस्तीला किती दिवस लागतील? दुसरी वाटच नसलेली लहानशी मोरी कधी कधी मोठ्या पुलापेक्षा महत्त्वाची ठरते. दवाखाना, पाणीपुरवठा, वीजकेंद्र ज्या वाटेवर अवलंबून आहे, ती यादीत वर घ्या. पर्यायी वाट शोधताना एक गोष्ट बघायची राहून जाते: दोन्ही वाटा एकाच नदीच्या काठाने जात असतील तर ती एकच वाट समजा. १५ नोव्हेंबर २०२१ला कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात सगळ्या वाटांना असाच एकत्र फटका बसला. अतिवृष्टीने व्हँकुव्हर शहराला देशाच्या उर्वरित भागाशी जोडणारे रस्ते आणि रेल्वेमार्ग एकाच वेळी तुटले. कोकिहाला महामार्ग मालवाहतुकीला पुन्हा खुला व्हायला ३५ दिवस लागले. त्याच प्रांतातल्या लिटन गावात त्याच वर्षी २९ जूनला ४९.६ अंश तापमान नोंदलं गेलं होतं आणि दुसऱ्या दिवशी ते गाव वणव्यात जळालं होतं. उष्णता, आग आणि पूर, तिन्ही एका वर्षात. जळालेल्या डोंगरावर पाणी धरून ठेवणारं काही उरत नाही, पुढच्या पावसात राख, माती, ओंडके मिळून खाली येतात आणि पहिला फटका मोऱ्यांना बसतो. तुमच्या मार्गाच्या वरच्या अंगाला वणवा लागून गेला असेल तर त्या वर्षी तिथल्या मोऱ्यांची यादी वेगळी काढा.

'शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर' या शब्दांनी आमच्या खात्यात पुष्कळ गैरसमज केला आहे. लोकांना वाटतं, तो परवा येऊन गेला म्हणजे आता नातवंडांच्या काळापर्यंत चिंता नाही. अर्थ इतकाच आहे की कोणत्याही एका वर्षी तो येण्याची शक्यता शंभरात एक. तीस वर्षं रस्ता वापरायचा असेल तर त्या काळात तो एकदा तरी येण्याची शक्यता २६ टक्के होते, म्हणजे चारात एकाहून थोडी जास्तच. शिवाय ही शक्यता जुन्या पावसाच्या नोंदींवरून काढलेली असते. हवा एका अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते, त्यामुळे जुन्या आकड्यांवर विसंबून नव्या मोरीचा व्यास ठरवणं मला पटत नाही. नवं बांधताना एक आकार मोठा घ्या.

मोरी

माझ्या अनुभवात रस्ते तुटतात ते बहुतेक मोऱ्यांपाशी. पूल डोळ्यांत भरतो, त्याची तपासणी होते. मोरी झुडपात लपलेली असते.

गोल नळाची क्षमता व्यासाच्या दुपटीतिपटीने सरळ वाढत नाही, बरीच जास्त वाढते. उतार आणि नळाचा खडबडीतपणा तोच ठेवला तर ६०० मिलिमीटरऐवजी ९०० मिलिमीटरचा नळ जवळजवळ तिप्पट पाणी नेतो. खोदाई, मजूर, वाहतूक थांबवण्याचा त्रास मात्र तिप्पट होत नाही. म्हणून जागा असेल तर तीन लहान नळ ओळीने टाकण्यापेक्षा एक मोठा टाका. लहान नळांच्या तोंडाशी फांद्या आडव्या अडकतात, मोठ्यातून सरळ निघून जातात.

मोरी तपासताना तीन ठिकाणी बघायचं. वरच्या तोंडाशी कचरा, गाळ. आत सांध्यांमधून माती झिरपून येते का. बाहेरच्या तोंडाशी पाणी जिथे पडतं तिथे खड्डा झाला आहे का. हा तिसरा खड्डा सर्वांत जास्त दुर्लक्षित. पाणी जोराने बाहेर पडून तळ उकरतं, खड्डा मागे मागे सरकतो, नळाचं टोक अधांतरी लोंबकळू लागतं आणि एका पावसात वरचा भराव खचतो. तिथे मोठ्या दगडांचं पिचिंग (दगड रचून केलेलं अस्तर) आणि नळाच्या टोकाखाली जमिनीत खोल उतरणारी आडवी भिंत हवी. लहान दगड वापरून काम उरकू नका. पाण्याचा वेग दुप्पट झाला तर ते जितका दगड हलवू शकतं त्याचं वजन ६४ पट होतं. ज्या दगडाला एक माणूस उचलून टाकू शकतो, त्याला पूरही उचलतो.

कचरा अडवायला जाळी बसवायची असेल तर ती मोरीच्या तोंडावर ठोकू नका. तोंडावरची जाळी तुंबली की मोरीच बंद होते. वरच्या अंगाला, पंधरावीस पावलांवर, रुंद जागी खांब रोवा. तिथपर्यंत यंत्र किंवा माणसं पोचतील अशी वाटही ठेवा, नाहीतर साफ कोण करणार?

आणि एवढं करूनही एखाद्या दिवशी मोरी पुरणार नाही, हे धरून चाला. पाणी रस्त्यावरून जाणारच असेल तर ते कुठून जाईल हे तुम्ही ठरवा. एक ठरावीक लांबी मुद्दाम थोडी खोलगट ठेवा, तिचा खालच्या बाजूचा उतार दगडांनी किंवा काँक्रीटने बांधून काढा. भराव फुटतो तो पाणी ज्या बाजूला उतरतं तिकडून, वरच्या बाजूने नाही. त्यामुळे पैसे कमी असतील तर आधी तो उतार बांधा. असा रस्ता चार तास पाण्याखाली राहतो आणि संध्याकाळी सुरू होतो. न बांधलेला भराव फुटला तर महिना जातो.

आराखड्यात जे काढलं ते जमिनीवर बांधलं गेलं का, हेही एकदा हातात कागद घेऊन पाहा. १२ ऑगस्ट २०२०ला स्कॉटलंडमध्ये स्टोनहेवनजवळ कारमाँट इथे सकाळच्या जोरदार पावसात रुळांच्या वरच्या उतारावरच्या चरातली खडी धुऊन रुळांवर आली, गाडी घसरली, तीन माणसं गेली. चौकशीत निघालं की तो चर आराखड्याप्रमाणे बांधलेलाच नव्हता. त्या दिवशी गाडी ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाने धावत होती, कारण अशा पावसात त्या जागी वेग कमी करा असं सांगणारा नियम लागू झालेला नव्हता. चर चुकीचा बांधला गेला होता आणि त्याची चूक झाकेल असा वेगाचा नियमही नव्हता. अपघातांचे अहवाल वाचले की असे दोन धागे एकत्र आलेले वारंवार दिसतात, म्हणून मी ते वाचत राहिले.

पुलाचा पाया

पूल पुरात पडतो तो बहुतेक वेळा वरून नाही, खालून. खांबापाशी आलेलं पाणी खाली वळतं, तळाशी भोवरे करतं आणि पायाभोवतीची वाळूमाती उकरून नेतं. आम्ही याला स्कावर म्हणतो, गावाकडची माणसं म्हणतात 'पाया उघडा पडला'. ५ एप्रिल १९८७ला न्यूयॉर्क राज्यात स्कोहॅरी क्रीकवरचा महामार्गाचा पूल असाच पडला. पाया उथळ होता, भोवतीचे संरक्षक दगड पुरेसे उरले नव्हते, दहा जण मेले. त्यानंतर अमेरिकेत पुलांच्या पायांची या दृष्टीने तपासणी सक्तीची झाली. आपल्याकडे २ ऑगस्ट २०१६च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना दगडी कमानींचा पूल पुरात गेला, तेव्हा काळोखात त्यावर गाड्या येतच होत्या. पूल पडला हे मागून येणाऱ्याला कळायला काही साधन नव्हतं.

पायाखालच्या खड्ड्याची एक लबाडी समजून घ्यायला हवी. पूर ऐन भरात असताना तो सर्वांत खोल असतो. पाणी ओसरू लागलं की वरून आलेला गाळ त्यातच बसतो आणि दोन दिवसांनी तळ पुन्हा सपाट दिसतो. तुम्ही उतरता, बघता, 'पाया ठीक' असं लिहून येता. पण तो भरलेला गाळ भुसभुशीत आहे, त्याने पायाला काडीचा आधार नाही, पुढच्या पुरात तो पहिल्या तासात निघून जातो. मी हे शिकले ते एका पाणबुड्याकडून. त्याने लोखंडी गज खांबाच्या बुडाशी हाताने दाबला आणि तो दीड मीटर आत गेला. शेजारी, खांबापासून लांब, तोच गज वीतभरही जाईना. तेव्हापासून माझ्या प्रत्येक पुलाच्या पेटीत एक खुणा केलेला गज असायचा.

तर असं करा. कोरड्यात प्रत्येक खांबाजवळ तळाची पातळी मोजून ठेवा, ती कठड्यावरच्या एका पक्क्या खुणेपासून. पूर असताना, पुलावर उभं राहणं सुरक्षित आहे तोवर, त्याच खुणेपासून वजन बांधलेली दोरी सोडून पुन्हा मोजा. वाहतं पाणी दोरीला ओढतं, म्हणून वजन जड घ्या, आणि तरीही आकडा थोडा फसवा येईल हे धरा. मोठ्या पुलांवर आवाजाच्या लहरींनी खोली मोजणारी यंत्रं कायमची बसवता येतात. ओसरल्यावर गज दाबून पाहा. पाया किती खोल आहे हे जुन्या आराखड्यात सापडलं नाही तर शोधून काढा. ज्या पुलाच्या पायाची खोली माहीत नाही, तो धोक्याचाच समजून वागवा.

किती उकरलं जाऊ शकतं याचा ढोबळ अंदाज लागतो. गाळाच्या नद्यांसाठी लेसी यांचं जुनं सूत्र आहे, त्यातून मिळणाऱ्या सरासरी खोलीच्या दुप्पट खोली खांबांपाशी धरण्याची आपल्याकडची पद्धत आहे. अमेरिकेत वापरात असलेल्या एका नियमाप्रमाणे संथ ते मध्यम वेगाच्या प्रवाहात गोल नाकाच्या खांबाभोवतीचा खड्डा खांबाच्या रुंदीच्या २.४ पटीपर्यंत जातो. इथे एक फार महत्त्वाची गोष्ट: खांबाला ओंडके, पालापाचोळा अडकून मोठा तराफा झाला की पाण्याला खांब तेवढा रुंद वाटतो, आणि खड्डाही त्या प्रमाणात खोल जातो. म्हणून पुलाच्या वरच्या अंगाला वाळलेली, कललेली झाडं पुरापूर्वी काढून घेणं हे पाया वाचवण्याचंच काम आहे. शंभर मीटरची एक फेरी आणि एक करवत, यापेक्षा स्वस्त उपाय मला माहीत नाही.

समुद्राजवळच्या पुलांना वेगळा धोका असतो. लाटा आणि तुफानाची भरती पुलाच्या तुळयांखाली पोचली की तिथे हवा कोंडते आणि सगळा गाळाच, म्हणजे दोन खांबांमधला पुलाचा भाग, वर उचलला जातो. २००५मध्ये कतरिना वादळात लुइझियानातल्या पाँचरट्रेन सरोवरावरच्या जुळ्या पुलाचे कितीतरी गाळे असेच सरकले, पडले. उपाय दोनच, पूल उंच ठेवायचा किंवा गाळे खांबांना जखडून त्यांना हवा जायला वाट द्यायची. खाऱ्या हवेत बेअरिंग (तुळया टेकतात ते आधार) आणि सळ्या गंजतात तेही वेगळं बघावं लागतं.

डोंगराची बाजू

दरडीवर मोठमोठे उपाय आहेत, पण आधी पाणी बघा. कापलेल्या डोंगराच्या माथ्यावर, कड्याच्या मागे, पाणी वळवणारा चर हवा आणि तो फुटलेला नको. फुटका चर हा नसलेल्या चरापेक्षा वाईट, कारण तो सगळं पाणी गोळा करून एकाच जागी डोंगरात सोडतो. संरक्षक भिंतीची पाणी निघायची भोकं मोकळी आहेत का? भर पावसात ती कोरडी असतील तर आनंद मानू नका, पाणी मागे साचत असेल. उतारावर काँक्रीटचा फवारा मारताना आतलं पाणी निघायला आडवे नळ घातले नाहीत तर तोच थर कवचासारखा सुटून येतो. उतारावर खोल मुळांचं गवत चांगलं काम करतं. वाळ्याच्या जातीच्या गवताची मुळं अनुकूल जमिनीत तीन मीटरपर्यंत जातात. पण ती वरची माती धरतात, खोलवरची दरड थांबवत नाहीत, हे कोणाला विकत घेताना सांगितलं जात नाही.

दरडीसाठी ताजा पाऊस पुरेसा सांगत नाही. मागच्या तीन दिवसांत डोंगर किती भिजला आणि आत्ताच्या तासात किती पडला, हे दोन्ही आकडे एकत्र पाहावे लागतात. म्हणून आपलं स्वतःचं पर्जन्यमापक घाटात बसवा. तालुक्याचा किंवा शहराचा आकडा डोंगराला लागू पडत नाही. २२ जून २००३ला वैभववाडीजवळ दरड रुळांवर येऊन गाडी घसरली आणि पन्नासाहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. त्यानंतर कोकण रेल्वेने उतारांना जाळ्या, उतार कमी करणं, हालचाल मोजणारी साधनं आणि पर्जन्यमापकं असं बरंच काम केलं. मला मात्र सर्वांत मोलाचं वाटतं ते पावसाळ्याचं वेगळं वेळापत्रक आणि त्या चार महिन्यांतली पायी गस्त. गाड्या कमी वेगाने धावतात हे आधीच जाहीर असतं, त्यामुळे उशीर कोणाच्याही नावावर लागत नाही आणि चालकावर घाई करायचं दडपण राहत नाही.

तापलेले रूळ, वितळलेलं डांबर

एक किलोमीटर लांबीचा मोकळा पोलादी रूळ ३० अंशांनी तापला तर सुमारे ३६ सेंटिमीटर लांब होईल. जोडून टाकलेल्या लांब रुळांना लांब व्हायला जागाच नसते, त्यामुळे ते वाढणं दाब बनून आत कोंडतं. मीटरला ६० किलो वजनाच्या रुळात दर अंशामागे जवळजवळ दोन टन. ३० अंशांना पन्नास टनांहून अधिक, तेही एका रुळात. बाजूची खडी ढिली असेल तर रूळ क्षणात आडवा वळतो.

म्हणून उन्हाळ्यापूर्वी खडी पुरी आहे का बघा, विशेषतः स्लीपरच्या टोकांशी. खडी नुकतीच हलवलेल्या जागी ती बसेपर्यंत वेग कमीच ठेवा, आणि असं काम ऐन उन्हाच्या दिवसांत काढू नका. हवेचं तापमान बघून निर्णय घेऊ नका, उन्हातला रूळ हवेपेक्षा २० अंशांपर्यंत जास्त तापू शकतो. रुळाला चुंबकाने चिकटणारा तापमापक घ्या. धोक्याच्या वळणांवर रुळांच्या बाजूंना पांढरा रंग दिला तर तापमान पाचदहा अंशांनी उतरतं. जुलै २०२२मध्ये इंग्लंडमध्ये पारा पहिल्यांदा ४० अंशांवर गेला. तिथले रूळ २७ अंशांना ताणरहित राहतील असे बसवलेले असतात. गाड्यांचे वेग उतरवावे लागले, काही मार्ग बंद ठेवावे लागले, लुटन विमानतळाची धावपट्टीही उन्हाने खराब होऊन काही तास थांबली.

डांबरी रस्त्यांचं थोडक्यात: आपल्या जागेच्या सर्वांत तापलेल्या आठवड्याला टिकेल अशा प्रतीचं डांबर निवडा, चढावर आणि सिग्नलपाशी त्याहून एक प्रत कडक घ्या. आणि भेगा पाऊस यायच्या आत भरा, कारण उन्हाने पडलेल्या भेगेतूनच पाणी आत शिरतं.

वारा आणि भुयारं

उघड्या पुलावर वारा मोजणारं यंत्र आणि ठरावीक वेगाला आपोआप लाल होणारा सिग्नल, ही तामिळनाडूतल्या पांबनच्या समुद्रावरच्या जुन्या रेल्वे पुलावर असलेली व्यवस्था मला आदर्श वाटते. तिथे माणसाला हिंमत दाखवायची संधीच उरत नसे. १९६४च्या डिसेंबरात त्याच भागात वादळाने प्रवाशांनी भरलेली गाडी समुद्रात नेली होती.

भुयारी मार्गात पाणी शिरायला लागलं की वेळ मिनिटांचा असतो. २० जुलै २०२१ला चीनमधल्या झेंगझोऊला एका तासात २०१.९ मिलिमीटर पाऊस पडला, मेट्रोच्या बोगद्यात पाणी शिरलं, गाडीत अडकलेले १४ जण दगावले. याउलट ऑक्टोबर २०१२मध्ये सँडी वादळाच्या आदल्या संध्याकाळीच न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे थांबवली गेली आणि डबे उंच जागी नेऊन ठेवले. बोगद्यांत खारं पाणी भरलंच, त्या मिठाने केलेलं नुकसान पुढे कित्येक वर्षं निस्तरावं लागलं, पण बोगद्यांत प्रवासी नव्हते आणि तीनचार दिवसांत गाड्या अंशतः सुरू झाल्या. तुमच्याकडे एखादा छोटा भुयारी रस्ता असेल तरी पंपाचा वीजपुरवठा पाण्याच्या पातळीच्या वर आहे का, एवढं आजच पाहून या. मी पाहिलेल्या तीन ठिकाणी पंपाची पेटी पंपाशेजारीच, खालीच होती.

बंद करण्याचा कागद

आता मूळ प्रश्न. प्रत्येक धोक्याच्या जागेसाठी एक पान करा, त्याहून जास्त नको. त्यावर तीन पातळ्या: लक्ष ठेवा, वेग कमी करा, बंद. प्रत्येकीपुढे मोजता येईल असा आकडा. 'जोरदार पाऊस झाल्यास' असं लिहू नका, रात्री दोन वाजता जोरदार म्हणजे काय यावर वाद होतो.

बंदची पातळी उलट्या हिशोबाने काढा. समजा, पाणी १०२ मीटरवर पोचलं की तुमचा भराव धोक्यात येतो. जुन्या नोंदींत नदी वाईट रात्री तासाला ५० सेंटिमीटर चढलेली आहे. निरोप पोचून माणूस जागेवर जायला, दोन्ही बाजूंचे अडसर लावायला आणि पुलावरच्या गाड्या बाहेर काढायला दीड तास लागतो. दीड तासात पाणी ७५ सेंटिमीटर चढेल. म्हणजे बंदचा आकडा १०१.२५, आणि मी तो १०१ लिहीन. हा दीड तास अंदाजाने धरू नका, रात्री एकदा खरंच माणसं पाठवून घड्याळ लावा. आम्ही लावलं तेव्हा कागदावरचा अर्धा तास प्रत्यक्षात एक तास दहा मिनिटं निघाला, कारण अडसराच्या कुलपाची किल्ली दुसऱ्या कार्यालयात होती.

रस्त्यावरून पाणी जात असेल तर खोलीचा आकडा लक्षात ठेवा: वाहत्या ३० सेंटिमीटर पाण्यात लहान गाडी वाहू लागते, ६० सेंटिमीटर बहुतेक गाड्यांना नेतं. पाण्याखाली रस्ता शिल्लक आहे की नाही हे तर वरून दिसतच नाही. फलक लावून कोणी थांबत नाही, आडवा खांब किंवा साखळी लागते आणि ती अशा जागी जिथून ट्रक मागे वळू शकेल. अलीकडच्या आणि पलीकडच्या, दोन्ही काठांवर.

पानावर सर्वांत ठळक ओळ ही: आकडा ओलांडला की जागेवरचा माणूस स्वतः बंद करेल, विचारणार नाही, फक्त कळवेल. आणि त्याखाली तुमच्या वरिष्ठांची सही घ्या, की उगाच बंद केला म्हणून त्याच्यावर कधी कारवाई होणार नाही. ही सही मिळवायला मला चार महिने लागले. बाकी सगळ्या कामांपेक्षा ती अवघड गेली आणि तिच्याशिवाय बाकीचा कागद निरुपयोगी आहे. दहापैकी तीन वेळा बंद केल्यावर काहीच घडणार नाही. त्या तीन वेळांबद्दल गावकऱ्यांना, बसचालकांना आधीच सांगून ठेवा.

शेजारी साठा ठेवा: जाळ्या, मोठे दगड, नळाचे दोन तुकडे, दिवे, इंधन. तो पुराच्या पातळीच्या वर आणि रस्ता तुटू शकतो अशा जागेच्या दोन्ही बाजूंना अर्धाअर्धा. सगळा साठा एकाच काठावर ठेवून आम्ही एकदा तो दुरून बघत बसलो होतो.

उघडताना

बंद करण्यापेक्षा उघडताना जास्त दबाव येतो. रांगा लागलेल्या असतात, पाणी उतरलेलं दिसतं. तरी उजेड होईपर्यंत उघडू नका. पाणी 'वेग कमी करा'च्या पातळीखाली गेलं पाहिजे. मग पुलाच्या दोन्ही टोकांचा भराव गजाने ठोकून बघा, पोकळ आवाज आला तर डांबराचा पापुद्राच शिल्लक आहे. कठड्याच्या रेषेवरून एका डोळ्याने पाहा, कुठे खचली, वाकली आहे का. खांबांपाशी गज दाबा, सांधे पाहा. त्यानंतर एक रिकामी हलकी गाडी, मग थोडा वेळ थांबून परत सांधे पाहा, मग लहान वाहनं. जड वाहनं दुसऱ्या दिवशी, पायाचं मोजमाप हातात आल्यावर.

दुरुस्ती होती तशी करू नका. ६००चा नळ वाहून गेला आणि घाईत पुन्हा ६००चाच बसवला, असं एकाच जागी तीन वेळा झालेलं मी पाहिलं आहे. मोठ्या मोरीचा आराखडा आणि अंदाजपत्रक आधीच तयार करून कपाटात ठेवा, म्हणजे पैसे मंजूर होतील त्या आठवड्यात तेच बाहेर काढता येईल.

आणि पाणी ओसरलं त्याच दिवशी रंगाचा डबा घेऊन जा. खांबावरची ओली रेषा वाळायच्या आत तिथे आडवा पट्टा मारा, शेजारी तारीख आणि वेळ लिहा, त्याची उंची मोजून वहीत उतरवा आणि बंदच्या आकड्याशी ताडून पाहा. आमच्या त्या पुलावरच्या पांढऱ्या पट्ट्याच्या वर आता सात पट्टे आहेत. चौथ्याच्या शेजारी लाल रंगात लिहिलं आहे: 'इथे बंद'. राखणदार बदलला की नव्या माणसाला पहिल्या दिवशी तिथे नेऊन त्यावर हात ठेवायला लावतात.